छपराला मी एक गुण दिला

लष्कराच्या आवारात मी तीसेक वर्षं नोकरी केली, पण वर्दी कधी घातली नाही. मी वित्त विभागाची, म्हणजे मुलकी. ठाण्याच्या कमांडरला खर्चाचे अधिकार असतात, पण एका मर्यादेच्या वर काही घ्यायचं असेल तर कागदावर वित्त सल्लागाराची संमती लागते. ती सही माझी असायची. जवान सलाम करायचे तो माझ्या खुर्चीला. मेसमधे मला मानानं बसवत, आणि मी बसले की टेबलावरचं बोलणं हळूच हवामानाकडे वळे. मला त्याची सवय झाली होती.

नोकरीची शेवटची काही वर्षं माझी बदली रायपूरला झाली. हे माझं गाव. मराठ्यांच्या राज्यात आमचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. पण मी परत आले तोवर आई जाऊन वर्ष झालं होतं, पुरानी बस्तीतलं घर भावाचं झालं होतं, आणि मी तेलीबांध्याला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. लग्न मी केलं नव्हतं. रविवारी दुपारी भावाकडे जेवायला जायचे. भाचीशी मी मराठीत बोलायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. बाकीचे सहा दिवस घरात माझ्याशी कोणी बोलत नव्हतं.

आमचं ठाणं शहराबाहेर होतं. तिथं दारूगोळ्याचं कोठार होतं, सामानाच्या गोदामांच्या जुन्या इमारती होत्या, आणि पूर आला की मदतीला निघणारी एक तुकडी होती. कमांडर डोंगराळ मुलखातले कर्नल होते. माणूस कमी बोलणारा. आमच्यात हिंदी चालायची.

दर फेब्रुवारीत आम्ही दोघं पुढच्या वर्षाची यादी करायला बसत असू. वर्षाला जो पैसा येतो त्यातला बहुतेक पगारात, शिध्यात आणि डिझेलमधे जातो. उरतो त्यात कोठार राखायचं, पुराची तुकडी तयार ठेवायची, माणसांचा सराव चालू ठेवायचा. वरून येणाऱ्या पत्रात एक वाक्य ठरलेलं असे, उपलब्ध निधीतच भागवावे. त्या वर्षी चार मागण्या होत्या आणि पैसा दीड मागणीपुरता होता. कोठारासाठी नवा आगीचा बंब, पुराच्या तुकडीसाठी वायरलेस संच, कुंपणावरचे दिवे आणि सामानाच्या एका गोदामाचं छप्पर.

अशा वेळी निवड कशी करायची याचा एक तक्ता असतो. धोका घडण्याची शक्यता किती, त्याला एक ते पाच गुण. घडलाच तर नुकसान किती, त्यालाही एक ते पाच. दोन्हींचा गुणाकार करायचा. ज्याचा आकडा मोठा त्याला पैसा आधी. मला हा तक्ता आवडायचा. त्यात कोणाचा आवाज मोठा, कोणाची ओळख वर, याला जागा नव्हती.

बंबाची मागणी समजावायला अग्निशमन विभागाचा हवालदार माझ्या खोलीत आला. चाळिशीच्या आतबाहेरचा, अंगानं बारीक, बोलणं नेमकं. उभ्यानंच हिंदीत म्हणाला, "मॅडम, जुन्या बंबाचा पंप रोज सकाळी मी स्वतः चालू करून बघतो. कधी लगेच लागतो, कधी तिसऱ्यांदा. मेअखेरच्या नवतप्याच्या उन्हात कोठाराच्या मागचं गवत पेटलं आणि त्या दिवशी तो तिसऱ्यांदा लागला, तर काय होईल ते मी सांगायला नको."

"गवत कापत नाही का?"

"कापतो. पण आग कापलेलं गवत बघून येत नाही."

मी बंबाला शक्यतेचे दोन आणि नुकसानीचे पाच गुण दिले. दहा झाले. वायरलेसला नऊ. दिव्यांना सहा. छपराची वेळ आली तेव्हा कर्नलनी विचारलं, "गळतं किती?"

"दर पावसात गळतं," मी म्हणाले. "शक्यता पाच."

"आणि नुकसान?"

गोदामात तंबू, कांबळी, बूट असायचे. भिजले तर वाळवता येतात. मी एक गुण दिला. पाच एके पाच. बंब आणि निम्मे वायरलेस संच मंजूर झाले. छपराच्या कागदावर मी माझ्या हातानं लिहिलं, पुढील वर्षी विचार व्हावा. कर्नलनी खाली सही केली, मी केली. अर्ध्या तासाचं काम होतं. माझं समाधान झालं होतं, हे मी लपवणार नाही. घरी जाताना तेलीबांध्याच्या तलावाच्या कडेला उतरून मी एक पूर्ण चक्कर मारली होती.

बंब मेच्या आधी आला. लाल, चकचकीत. हवालदारानं मला मुद्दाम बोलावून पंप लावून दाखवला. पहिल्याच झटक्याला लागला. तो हसला नाही, पण बंबावर हात ठेवून उभा राहिला. नवतपा गेला, गवत पेटलं नाही.

जुलैत सलग पाच दिवस पाऊस लागला. सहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास कर्नल माझ्या खोलीत आले. एरवी ते मला बोलावून घेत. आज स्वतः आले आणि बसले नाहीत.

"अग्निशमनचा हवालदार पडला," ते म्हणाले. "गोदामाच्या छपरावरून. सिमेंटचा पत्रा तुटला, सरळ आत पेट्यांवर पडला."

"जिवंत आहे?"

"आहे. पण पाठीचं हाड गेलं. कमरेखाली काही कळत नाही म्हणतो."

मी विचारलं, "तो छपरावर काय करत होता?"

"ताडपत्री टाकत होता," कर्नल म्हणाले आणि निघून गेले.

त्याला मोठ्या लष्करी इस्पितळात नेलं. इकडे तीन आठवड्यांच्या आत वरून खास मंजुरी आली आणि दिवाळीच्या आधी गोदामाला नवं छप्पर बसलं. ज्या कामाला फेब्रुवारीत पैसा नव्हता त्याला ऑगस्टमधे आला. त्या मंजुरीच्या कागदावरही माझी सही आहे.

चौकशी बसली. मला साक्षीला बोलावलं. चौकशीचे अधिकारी बाहेरून आलेले, तरुण, सभ्य होते. त्यांनी विचारलं, "छपराची मागणी तुम्ही नाकारली होती?"

"नाही. पुढच्या वर्षावर टाकली होती."

"कशाच्या आधारे?"

मी तक्ता पुढे ठेवला. त्यांनी तो नीट वाचला आणि मान हलवली. पुढचा प्रश्नच आला नाही. चौकशीत कोणाचाही दोष निघाला नाही. सुरक्षेचा पट्टा न बांधता कोणी छपरावर चढू नये असा आदेश तेवढा निघाला. संध्याकाळी कर्नल मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या फायलीत बोट ठेवायला जागा नाही." त्यांनी ते आपुलकीनं म्हटलं होतं. मी आभार मानले. चारच महिन्यांनी त्यांची बदली झाली, आणि त्या अर्ध्या तासात माझ्यासोबत बसलेला एकमेव माणूस रायपूरहून गेला.

एका रविवारी भावाकडे पानावर बसल्यावर मी म्हणाले, "आमच्या ऑफिसात एक माणूस छपरावरून पडला."

भाऊ चेचची पालेभाजी वाढून घेत होता. "जगला न?"

"जगला. पण चालू शकत नाही."

"फौजेतला हाय न? मंग सरकार पाहते त्याच्याकडे. पेन्शन भेटते, सगळं भेटते." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तू काहून मनाले लावून घेऊन राहिली? तू काय त्याले वर चढवलं?"

भाची मोबाइलमधून मान वर काढून म्हणाली, "बुआ, आप तो अकाउंट्स में हो ना?"

मी हो म्हणाले. फायलीतलं काही बाहेर सांगायचं नसतं, हा नियम मी सगळी नोकरी पाळला होता. त्या दिवशी तो मोडावासा वाटला, पण मोडून सांगायचं काय तेही मला कळत नव्हतं. पाच एके पाच, हे पोळी खाताना कसं सांगायचं? मी भाजी छान झाली आहे असं वहिनीला सांगितलं आणि निघाले.

दीड वर्ष गेलं. हवालदाराला वैद्यकीय कारणावरून सेवेतून मोकळं केल्याचे कागद माझ्या टेबलावरून पुढे गेले. त्यात पत्ता होता, शहराच्या टोकाच्या बीरगांवचा. कागदातला पत्ता स्वतःसाठी वापरणं बरोबर नव्हतं. मी तो लिहून घेतला नाही, पण तो मला पाठ झाला. डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी मी ऑटो करून बीरगांवला गेले.

कारखान्यांच्या मागच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर होतं. ओट्याला सिमेंटचा उतार करून घेतला होता, चाकाच्या खुर्चीसाठी. दार एका बाईनं उघडलं. मी हिंदीत विचारलं. तिनं आत वळून हाक दिली, "आवो, कोनी मॅडम आल्या हाये."

आम्ही दोन वर्षं हिंदीत बोललो होतो आणि दोघंही मराठी होतो. हे मला त्या उंबऱ्यावर कळलं, आणि पुढचं मी तिच्याशी मराठीत बोलले.

तो आत टेबलाशी चाकाच्या खुर्चीत बसला होता. पुढ्यात पाण्याच्या पंपाची उघडलेली मोटर होती आणि तो तिला तांब्याची तार गुंडाळत होता. मला पाहून हात थांबले.

"मॅडम, तुम्ही मराठी?" माझं त्याच्या बायकोशी झालेलं बोलणं त्यानं ऐकलं होतं.

"हो. पुरानी बस्तीतली."

"मी वर्ध्याकडचा. इथं साळा कारखान्यात हाय, म्हून आलो." त्यानं खुर्चीकडे बोट केलं. "बसा न."

बायकोनं चहा ठेवला. थोडा वेळ मोटरीबद्दल बोलणं झालं. वस्तीत पंप जळाला की लोक त्याच्याकडे आणतात, काम बरं चालतं, हात रिकामे राहत नाहीत. मी कशासाठी आले हे मलाच नीट ठरवता आलं नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "भाऊ, त्या वर्षी छपराची मागणी माझ्यासमोर होती. मी ती मागं टाकली. बंब घेतला."

"मले माहीत हाय," तो म्हणाला. "बंब मीच मांगला होता."

"तक्त्यात बंबाचे दहा गुण झाले होते."

"अन् छपराचे?"

कोणीतरी विचारावं असं मला दीड वर्ष वाटत होतं. "पाच," मी म्हणाले. "गळण्याचे पाच, नुकसानीचा एक."

"एक?" त्यानं तार खाली ठेवली. "काहून एक?"

"आत कांबळी, तंबू होते. भिजले तर वाळवता येतील, म्हणून."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात राग नव्हता. कोणी चुकीचा सुटा भाग आणून दिला तर कारागीर बघतो तसं तो बघत होता. "मॅडम, आमी दर पावसात वर चढत होतो. तीन वर्षं. पानी लागलं का गोदामवाला फोन करे, शिडी तुमच्याकडे हाय, ताडपत्री टाकून द्या. आमी चार जनं जात होतो. माकडं कुदून कुदून पत्रे तडकले होते, पाय कुठं ठेवाचा हे आमाले पाठ झालं होतं. तुमाले कोनी सांगतलं नाही?"

"नाही."

"आमी कोनाले सांगतो? वर चढाची परवानगीच नव्हती. सांगतलं असतं तर बंद केलं असतं, अन् मंग कांबळी भिजली म्हून आमचीच खरडपट्टी निघाली असती." त्यानं चहाचा कप हातात घेतला. "पहिले जुनी शिडी आखूड होती. कडेवरूनच काम करावं लागे, मधात कोनी जात नव्हतं. नव्या बंबासंगं लांब शिडी आली. चांगली होती. म्हून मी मधात गेलो."

दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोनं हे आधी ऐकलं नसावं. ती आत गेली.

मी म्हणाले, "म्हणजे नुकसानीचे पाच द्यायला हवे होते."

"पाच पंचे पंचवीस," तो म्हणाला. "सगळ्यायच्या वर आलं असतं छप्पर."

"हो. आणि बंब राहिला असता."

"बंब राहिला असता," तो म्हणाला. मग तार उचलून परत गुंडाळायला लागला. "तेबी बरोबर नसतं झालं," असं काहीतरी तो मोटरीकडे बघत म्हणाला. त्यानं मला माफ केलं नाही, आणि मी माफी मागितलीही नव्हती. निघताना त्याच्या बायकोनं माझ्या हातावर तिळाचे दोन लाडू ठेवले आणि म्हणाली, "यायचं होतं तर पहिलेच यायचं होतं, ताई." मी हो म्हणाले.

परतीच्या शेअर ऑटोत मी तक्ता मनात मांडत होते. मी छपरानं होणारं नुकसान मोजलं होतं. छप्पर तसंच राहिलं तर रोजचं ते सांभाळतं कोण, हे मोजलं नव्हतं. पैसा नसला म्हणून काम थांबत नाही. ते कोणीतरी अंगावर घेतं आणि त्याची कुठं नोंद होत नाही. मी इतकी वर्षं ज्याला बचत समजत होते, त्यातली किती अशी कोणाच्या अंगावर गेली असेल, ते शोधायला आता मार्ग नव्हता. जुन्या ठाण्यांची नावं एकेक आठवत गेली. तेलीबांध्याला उतरायचं राहून ऑटो पुढे निघून गेला होता.

फेब्रुवारीत नव्या कमांडरबरोबर यादीला बसले तेव्हा मी तक्त्याला एक रकाना जोडला होता. हे काम होईपर्यंत ते कोण आणि कसं सांभाळतो? नवे कमांडर हुशार होते. म्हणाले, "मॅडम, हा रकाना भरायला तुम्हाला प्रत्येक ठिकाणी जावं लागेल."

"जाईन," मी म्हणाले.

साडी आवरून मी कुंपणाच्या कडेनं पहारेकऱ्यांच्या मागं चालले. दिवे नसलेल्या भागात ते एका हातात बंदूक आणि दुसऱ्या हातात विजेरी घेऊन नाल्यावरच्या फळीवरून जात. फळी ओली असली की एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. एकानं मला फळीवरून पलीकडे जायला हात दिला. त्या वर्षी दिव्यांना सर्वांत जास्त गुण पडले. दिवे मंजूर झाले आणि वायरलेसचे उरलेले निम्मे संच राहिले. त्यांच्यापुढच्या रकान्यात मी लिहिलं, प्रत्येक बोटीला संच नसेल, दुसऱ्या बोटीतल्यांना हाक मारून सांगावं लागेल. कमांडरनी ते वाचून माझ्याकडे पाहिलं, आणि तरी सही केली. दोन्हींपुरता पैसा नव्हता. मीही केली.

त्या ऑगस्टमधे महानदीला पूर आला आणि तुकडी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन बोटी एका वळणाआड गेल्या आणि त्यांच्याशी बोलणं तुटलं. एकीत संच नव्हता, दुसरीतला भिजला होता. मी नियंत्रण कक्षाच्या दारात जाऊन उभी राहिले. मला तिथं काही काम नव्हतं. एका सुभेदारानं खुर्ची आणून दिली, मग सगळे आपापल्या कामाला लागले. कोणी मला काही विचारलं नाही, कोणी दोष दिला नाही. त्या रकान्यात काय लिहिलं होतं हे त्या खोलीत फक्त मला आणि कमांडरला माहीत होतं, आणि त्यांना माझ्याकडे पाहायला वेळ नव्हता. पाचच्या सुमारास बोटी दिसल्याचा निरोप आला. सगळे सुखरूप होते, सोबत एका पाऱ्यातली, म्हणजे वाडीतली, अकरा माणसं आणि दोन बकऱ्या होत्या. खोलीत एकदम बोलणं सुरू झालं, कोणीतरी चहा मागवला. मी खुर्ची भिंतीला लावली आणि माझ्या खोलीत जाऊन बसले.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. मेसमधे निरोपाचं जेवण झालं, शाल मिळाली, भाषणात मला काटेकोर म्हटलं गेलं. तो रकाना माझ्यानंतर तक्त्यात राहिला की नाही, मला ठाऊक नाही. विचारण्याचा अधिकारही आता नाही.

बीरगांवला मी आणखी एकदा जाऊन आले होते. तेव्हा बोलणं पंपांचं आणि वर्ध्याच्या उन्हाचं झालं, छपराचं नाही. तेही बरं वाटलं. मराठीत तासभर कोणाशी बोलून मला फार दिवस झाले होते. निवृत्तीनंतर पुन्हा गेले तर घराला कुलूप होतं. शेजारची बाई ओट्यावर धान्य निवडत बसली होती.

"ओमन गाँव चल दिन, दीदी," ती म्हणाली. "महिना होगे."

महिन्यापूर्वीच ते गावी निघून गेले होते. मी फोन नंबर कधी घेतला नव्हता. ऊन चढलं होतं. तिनं मला सावलीत बसवलं, लोट्यात पाणी आणून दिलं आणि विचारलं, मी त्यांची कोण लागते.

"ऑफिस में साथ थे," मी म्हणाले.

"हव," ती म्हणाली आणि सूप पुढे ओढून घेतलं. मी पाणी संपवलं, लोटा तिच्याजवळ ठेवला आणि ऑटो शोधायला रस्त्याकडे निघाले.